राखून ठेवलेला शब्द

मारोतरावाची उभ्या जगात एकच ओळख होती आणि ती त्याने अजून वापरली नव्हती.

तशा ओळखी कोणाला नसतात? कळंबच्या बाजारात दहा माणसं त्याला रामराम घालत. पण रामराम घालणारा माणूस वेगळा आणि ज्याच्याकडे शब्द टाकावा असा माणूस वेगळा. असा माणूस म्हणजे नाल्यापलीकडच्या तांड्यावरचा खेमसिंग. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सुताची एक कंपनी आहे, तिथे तो फोरमन होता. रोज सकाळी मोटरसायकलवर मारोतरावाच्या वावराच्या धुऱ्यावरून, बांधालगतच्या रस्त्याने जाताना तो हॉर्न वाजवायचा आणि "राम राम, काका!" म्हणायचा. मारोतराव हात वर करायचा आणि लगेच मान खाली घालून कामाला लागायचा. जास्त बोलणं झालं तर शब्द उगाच खर्च होईल, अशी त्याला धास्ती होती.

या ओळखीचं मूळ एका उन्हाळ्यात होतं. तांड्याची विहीर तळाला गेली होती आणि मारोतरावाच्या वावरातल्या विहिरीला पाणी होतं. गावातल्या शहाण्यांनी सांगून पाहिलं, एकदा वाट पडली की मोडत नाही म्हणून. मारोतरावाने ऐकलं नाही. पाऊस येईपर्यंत सगळ्या तांड्याने त्याच्या विहिरीवर पाणी भरलं. खेमसिंग तेव्हा नुकती मिसरूड फुटलेला. शेवटचा हंडा उचलताना बाप धावजी शेजारी उभा असताना तो म्हणाला होता, "काका, कधी काम पडलं तं फक्त आवाज द्या."

ते वाक्य मारोतरावाने बियाण्याच्या कणसासारखं आढ्याला टांगून ठेवलं. शब्द एकदाच टाकता येतो, दुसऱ्यांदा टाकला की ती भीक होते, असं त्याचं गणित. खेमसिंगच्या लग्नाची पत्रिका आली, तेव्हा तो गेला नाही. गेलो तर पाण्याची आठवण द्यायला आला म्हणतील. खेमसिंगने नवं घर बांधलं तेव्हाही नाही. बायको मैनाबाई म्हणायची, "अजी, मानसं काय लोणच्याची बरणी हायेत, झाकून ठेवाले?" तो म्हणायचा, "तुले नाही समजत त्यातलं."

आणि आता काम पडलं होतं. एकुलती एक पोरगी अर्पिता इलेक्ट्रिशियनचा आयटीआय करून यवतमाळला वर्षभर अप्रेंटिस राहिली. वर्ष संपलं तसा कंपनीने हातात दाखला दिला आणि घरी पाठवलं. तेव्हापासून ती अर्ज टाकत होती. जिथे जाईल तिथे फाइल चाळत, "फोन करू" म्हणत आणि निघताना हळूच विचारत, "कोणी ओळखीचं आहे का इथं?" ती घरी येऊन हे सांगायची आणि बापाकडे पाहायची.

"बोला ना बाबा खेमसिंगभाऊले."

"जागा कशी हाय?"

"कंत्राटी हाय. पन लागू तं द्या."

"कंत्राटासाठी शब्द नाही घालवाचा. पक्की जागा निघू दे, मंग पाहजो."

अशा तीन-चार जागा आल्या आणि गेल्या. त्यातच पोळ्याच्या आसपास खेमसिंगचा बाप धावजी वारला. तांड्यावरून सांगावा आला. मैनाबाईने पातळ बदललं, चपला घातल्या, आणि मारोतराव दारात आडवा उभा राहिला. पोरगी नोकरीसाठी फिरतेय हे तांड्याला माहीत आहे. आता मयतीला गेलो तर खेमसिंग म्हणेल, मोका पाहून आला. ओळख नासून जाईल. "मांगून जाऊ," तो म्हणाला. मांगून म्हणजे कधी, ते त्याने सांगितलं नाही. मैनाबाई चपला काढून आत गेली आणि त्या दिवशी तिने त्याला ताट वाढलं पण त्याच्याशी बोलली नाही. पुढे बाजारात धावजीची बायको तानाबाई दिसली की मैनाबाई भाजीच्या पालांमागून निघून जायची. मयतीला न गेलेल्या माणसाला तोंड लपवावं लागतं. नाल्याच्या दोन बाजूंना राहून ते लपवणं सोपं नसतं.

यंदा तूर बरी होती, पण कापूस एकदमच फुटला. सगळं वावर पांढरं झालं आणि वेचायला माणूस मिळेना. गावातल्या बाया टेम्पोत बसून मारेगावकडे जात होत्या, तिकडे मजुरी जास्त होती. आभाळ रोज दुपारी भरून येत होतं आणि संध्याकाळी मोकळं होत होतं. मारोतराव, मैनाबाई आणि अर्पिता दव वाळलं की वावरात उतरत. पोटाशी ओटी बांधायची आणि ओळीने वाकत जायचं. बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडा फाटत. ओटी भरली की ती पोटाला ओढ द्यायची आणि कंबर सरळ करताना तोंडातून आपोआप आवाज निघायचा. अर्पिताच्या बोटांना बारीक स्क्रू फिरवायची सवय होती. ती बोटं पहिल्या दोन दिवसांतच सुजली. आपण शिकलो ते या बोटांतून निघून चाललंय, असं तिला वाटायचं आणि तिला त्याची खरी भीती वाटायची.

अशा एका दुपारी तिचा फोन वाजला. उमेराचा होता. उमेरा म्हणजे कळंबच्या मन्सूर मोटार वाइंडिंगवाल्याची मुलगी, आयटीआयला हिच्याच बाकावर बसलेली. ती लोहाऱ्याच्या त्याच सूत कंपनीत लागली होती.

"सुन, मेंटेनन्समधी एक जागा निघाली. पक्की हाय. सोमवारी टेस्ट घेऊन राह्यले," उमेरा म्हणाली. "फोरमन तेच, तुमच्याकडचे खेमसिंग सर. त्यांनी मनावर घेतलं तं काम होऊ शकते. बाबाले सांग."

अर्पिताने फोन ठेवला आणि ओटी तशीच पोटाला बांधलेली असताना धावत बापाकडे गेली. मारोतरावाने ऐकून घेतलं. मग हातातलं बोंड नीट साफ करून ओटीत टाकलं.

"पक्की?"

"पक्की."

"मंग आता टाकतो शब्द," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो पाहून अर्पितालाही बरं वाटलं. "आइतवारी त्याले सुट्टी राह्यते. आइतवारी जाऊ."

मैनाबाई दोन ओळी पलीकडे वेचत होती. ती कंबरेवर हात देऊन उभी राहिली. "आइतवार लांब हाय. आभाळ पाहा. आजच जा तांड्यावर, अन खेमसिंगले म्हना, पाच-सहा बाया धाड वेचाले. त्यानं सांगतलं तं येतीन त्या. तवाच पोरीचंबी बोला."

"एका शब्दात दोन कामं?" मारोतराव चकित झाला. "येडी हाय का तू? कापसासाठी बोल्लो तं पोरीसाठी काय उरलं?"

"अजी, कापूस भिजन ना!"

"भिजू दे. शब्द पोरीचा हाय."

आणि कापूस भिजला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला तो झाडून सगळ्या वावरावर. तिघांनी वेचलेल्या ढिगावर ताडपत्री ओढली, आणि तिघंही तिची टोकं धरून तिच्यावर बसून राहिली. डोळ्यांसमोर झाडांवरचा कापूस लोंबत गेला, मातीला टेकला. मैनाबाईने नवऱ्याला एकही शब्द सुनावला नाही, तेच त्याला जास्त लागलं. पाऊस उघडल्यावर तो ओळीतून फिरला. भिजलेलं बोंड हातात घेऊन पिळलं. "पोरीची नोकरी लागली म्हंजे निंघून येते हे सारं," तो म्हणाला. 

रविवारी मारोतरावाने इस्त्रीचा सदरा घातला. मैनाबाईने तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी भरून दिली. शेतातला पहिला वानवळा हातात असला की बोलायला बरं पडतं. अर्पिताने फाइल काखेत धरली. वाटेत मारोतराव वाक्यं जुळवत चालला होता. आधी घराची चौकशी, मग कंपनीची, मग हळूच. नाला ओलांडताना त्याने दोनदा घसा साफ केला.

खेमसिंगचं घर तांड्याच्या कडेला होतं. ओसरीत बाजेवर तानाबाई बसली होती, मांडीवर निवडायच्या तांदळाचं सूप. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"कोन हाय? मारोत?"

"हो, मावशी."

तानाबाईने सूप खाली ठेवलं आणि ती रडायला लागली. मोठ्याने, सूर धरून, जसं मयतीच्या घरी पहिल्यांदा कोणी आलं की बायका रडतात तसं. आतून सून आली, तीही पदर तोंडाला लावून रडू लागली. मारोतरावाने भिंतीकडे पाहिलं. तिथे धावजीचा फोटो होता, हार वाळलेला.

मग त्याच्या ध्यानात आलं की आपण या घरात कशासाठी आलो असं ही माणसं समजताहेत. त्याने जुळवून आणलेली सगळी वाक्यं तिथेच राहिली. शेंगांची पिशवी त्याने पायरीखाली सरकवली. सुनेने खुर्ची पुढे केली होती, पण तो खाली फरशीवर बसला. अर्पिता त्याच्या मागे बसली आणि तिने फाइल ओढणीखाली घेतली.

खेमसिंग मागच्या अंगणातून ओल्या हातांनी आला. दोघांना पाहून थबकला. मग तोही समोर फरशीवर बसला.

"कसं झालं, मावशी?" मारोतरावाने विचारलं.

तानाबाईने सांगितलं. सकाळी बैल धुतले, दुपारी छाती दुखते म्हणाला, गाडी येईपर्यंत गेला. हे तिने आजवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं असणार, पण तिने पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगितलं आणि मारोतरावाने पहिल्यांदाच ऐकलं. मध्येच ती म्हणाली, "तुह्या हिरीचं नाव घेये बुढा. म्हने, त्या साली तिनं आपल्याले जगोलं."

"याडी, राहू दे," खेमसिंग आईला म्हणाला. मग मारोतरावाकडे न पाहताच तो बोलला, "काका, त्या दिवशी मी नाल्याकडं पाहून राह्यलतो. म्हनलं, गाव नाही आलं तरी काका येतीन."

मारोतरावाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. काय सांगावं? ओळख नासू नये म्हणून आलो नाही, हे सांगण्यासारखं कारण आहे का?

"चुकलं बापू माह्यं," तो म्हणाला. "लय चुकलं."

मागून अर्पिताने बारीक खोकून पाहिलं. उद्या टेस्ट होती. एवढं एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? तिने त्याच्या सदऱ्याचं टोक ओढलं. मारोतरावाला ते कळलं. पण मयतीच्या घरी पहिल्या भेटीला आलेल्या माणसाने दुसरं काम काढायचं नसतं, हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं आणि बापाला त्याच्या बापाने. गेलेल्याविषयी बोलायचं, बसायचं, उठायचं. सुनेने पाण्याचा तांब्या आणला. मारोतरावाने तो घोट घोट सगळा संपवला. बराच वेळ बसून तो उठला.

खेमसिंग पायरीपर्यंत आला. पायरीखालची पिशवी त्याला दिसली. पोरीच्या ओढणीखालचा फाइलचा कोपराही दिसला.

"काका, काही काम होतं का?"

अर्पिता बापाकडे पाहत राहिली. मारोतरावाने वाकून पिशवी उचलली.

"नाही. धावजीले भेटाचं राह्यलं होतं," तो म्हणाला.

दोघं नाला ओलांडून आले. मग अर्पिताचा बांध फुटला. "त्यानं सोता इचारलं बाबा! तोंडानं इचारलं! अन तुमी नाही म्हनलं?"

"तिथं कसं बोलू वं?"

"ताकाले गेलो अन भांडं लपवून आलो आपन. कापूस गेला, जागाबी गेली. आता ठेवा तो शब्द कोठीत."

घरी येऊन ती रडली. बापाचा तिला राग आला होता आणि त्याची दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ती जास्त रडली. मैनाबाईने सगळं ऐकून घेतलं. "नाही बोलले ते बरं केलं," ती म्हणाली. नवऱ्याने आश्चर्याने पाहिलं, तशी ती पुढे म्हणाली, "पन पोळ्याले गेलो असतो तं आज बोलता आलं असतं. तान लागल्यावर हीर खंदाले गेले तुमी."  मारोतरावाने शेंगांची पिशवी चुलीजवळ ठेवली.

सोमवारी तो सदरा घालून तयार झाला, पण अर्पिता म्हणाली, "मी एकटी जातो. तुमी तिथं नका येऊ." तो अडून बसला नाही. ती एसटीने गेली आणि तो वावरात, रस्त्याच्या बाजूच्या ओळीत जाऊन वेचायला लागला. त्या ओळीतला कापूस सगळ्यात वाईट भिजला होता, पण तिथून बस दिसते.

कंपनीच्या गेटवर पोरं बरीच होती. पोरी दोनच, अर्पिता धरून. उमेरा जेवणाच्या सुट्टीत येऊन पाणी देऊन गेली, कानात म्हणाली, "बोलले ना बाबा?" अर्पिताने मान हलवली, हो की नाही ते उमेराला कळलं नाही. नाव पुकारलं तशी ती आत गेली. टेबलामागे एक साहेब बसले होते, पुण्याकडचे वाटत होते. शेजारी खेमसिंग उभा होता, कंपनीच्या निळ्या शर्टात. अर्पिताने त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. भाऊ म्हणावं की सर, हेही तिला ठरवता येईना.

साहेबांनी फाइल उघडली. "कळंबकडची का? फोरमन, तुमच्या भागातली दिसते. ओळखता का हिला?"

 खेमसिंगची नजर साहेबांसमोरच्या फाइलच्या कोपऱ्यावर गेली. काल ओढणीखाली दिसलेला तो हाच.

"ओळखतो," तो म्हणाला.

"कशी आहे?"

"कामाचं मले नाही माहीत, साहेब. ते तुमी पाहा. मानसाचं इचारत असान तं, मयतीच्या घरी सोताचं काम न काढनारी मानसं हायेत ही."

साहेबांना त्यातलं काय समजलं देव जाणे. त्यांनी भिंतीवरच्या बंद स्टार्टरकडे बोट केलं आणि दोष शोधून मोटर चालू करायला सांगितलं. अर्पिताने हत्यारं घेतली. सुजलेली बोटं आधी ऐकेनात. नखांच्या कडा दुखत होत्या. एकदा स्क्रू हातातून पडला आणि टेबलाखाली गेला, तो तिने गुडघ्यांवर बसून शोधला. मग एक सैल जोड सापडला. तो आवळला, तरी मोटर लागेना. तिला रडू येईल असं वाटलं. तिने पुन्हा पहिल्यापासून एकेक तार तपासत आणली तेव्हा दुसरा दोष सापडला, आणि मोटरने आवाज केला.

"हाताला काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"कापूस वेचून राह्यलो, सर."

बाकीची पोरं होईपर्यंत तिला बाहेर बसवलं. मग परत आत बोलावलं आणि एक तारखेपासून यायला सांगितलं. खेमसिंग तेव्हा मशिनवर गेला होता. तिला त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण काय, ते तिला बस स्टँडवर येईपर्यंत सुचलं नाही.

ती बसमधून उतरली तेव्हा मारोतराव धुऱ्यावरच उभा होता, ओटी पोटाला तशीच. तिच्या तोंडाकडे पाहूनच त्याला समजलं. त्याने ओटी सोडली आणि तिथेच बांधावर बसला. थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले, कापसाचे धागे गालाला चिकटले. मैनाबाई वेचता वेचता आली, तिने पोरीला जवळ घेतलं आणि मग एकेक करून सगळं विचारून घेतलं. खेमसिंग काय म्हणाला ते अर्पिताने जसंच्या तसं सांगितलं. मारोतरावाने ते पुन्हा सांगायला लावलं.

"तू त्याले काही बोल्ली का, जागेसाठी?"

"नाही. हातबी नाही जोडले."

"मीबी नाही बोल्लो." मारोतराव विचारात पडला. हिशेब त्याच्या तोंडावर दिसत होता. मग त्याचे डोळे एकदम मोठे झाले. "म्हंजे शब्द तं अजून तसाच हाय आपला! खर्चच नाही झाला!"

मैनाबाईने कपाळावर हात मारला. अर्पिता हसायला लागली आणि तिला थांबताच येईना.

"उद्या तांड्यावर जा," मैनाबाई म्हणाली. "शेंगा ताज्या तोडून न्या. अन काम काही काढू नका."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

मारोतराव गोंधळला. आयुष्यात तो कोणाच्या दारी काम नसताना गेला नव्हता. त्याने ओटी पुन्हा पोटाला बांधली, दोन बोंडं वेचली आणि परत वळला.

"मंग तिथं बोलू काय?"

मैनाबाईने वाकलेल्याच अंगाने उत्तर दिलं, "इचारा, यंदा तांड्याच्या हिरीले पानी कसं हाय."